नलूच्या नकाशावर बाण नव्हता

नलू गेल्याचा फोन आला तेव्हा मी लेस्टरच्या बेलग्रेव्ह रोडवर मेथीची जुडी निवडत होते. "मावशी, आई गेली. झोपेत," तिची मुलगी मीना म्हणाली. जुडी तशीच ठेवून मी बसस्टॉपवर जाऊन बसले आणि आलेल्या बसेस सोडून दिल्या. त्या दिवशी रडू आलं नाही. ते आलं काही आठवड्यांनी, म्युझियमने ठेवलेल्या शोकसभेत, आणि तेही दुःखापेक्षा संतापाने. तो संताप अजून उतरलेला नाही, म्हणून लिहायला बसले आहे.

नलू म्हणजे डॉक्टर नलिनी. मिरजेची. इथल्या हॉस्पिटलात तिने वर्षानुवर्षं बाळंतपणं केली, मी त्याच हॉस्पिटलच्या फार्मसीत होते. निवृत्तीनंतर आमच्यापैकी बहुतेकांनी ब्रिज, क्रूझ आणि नातवंडं धरली. ही मात्र आमच्या भागातल्या छोट्या म्युझियममध्ये दर गुरुवारी व्हॉलंटियर म्हणून उभी राहायला लागली. तिच्या वाट्याला आलेल्या दालनात अमेरिकेतल्या पहिल्या माणसांचा भिंतभर नकाशा होता. हिमयुगात समुद्राची पातळी खाली गेल्यामुळे सैबेरिया आणि अलास्का जोडले गेलेले, आणि तिथून निघालेला एक जाड लाल बाण दोन अवाढव्य हिमथरांमधल्या चिंचोळ्या वाटेने थेट अमेरिकेच्या पोटात घुसलेला. बाणाच्या टोकाशी भाले घेतलेले दाढीवाले पुरुष. बाई एकही नाही.

"या लोकांना पोरं कशी झाली गं?" पहिल्याच संध्याकाळी तिने मला फोनवर विचारलं. "आणि हे एवढ्या तावातावाने निघालेत कुठे? पुढे अमेरिका आहे हे यांना सांगितलं कुणी?"

मग तिने वाचायला घेतलं, आणि वाचायला घेतलं की नलू थांबत नसे. बर्फामधली ती वाट मोकळी व्हायच्या आधीच माणसं पलीकडे पोचली असावीत, समुद्राच्या कडेकडेने, थोडी होडीतून, थोडी पायी, असं मानणारे बरेच अभ्यासक आहेत. किनाऱ्यालगत समुद्री शेवाळाची जंगलं, त्यात मासे, शिंपले, सील... खायला कमी नाही. अजून एकमत नाही, आणि नलूही कधी "असंच झालं" म्हणाली नाही. "असावं" म्हणायची. तिचा हट्ट एवढाच, की वाट शोधायची तर अंगावर पिणारं मूल असलेली बाई धरून शोधा.

तिच्या स्वयंपाकघरात तसाच एक नकाशा होता, बाण नसलेला, आणि त्याखाली तांदळाची वाटी, शेजारी गोंदाची बाटली. चहाला येईल त्याच्या हातावर ती एक दाणा ठेवायची आणि नकाशावरच्या शेवटच्या दाण्याकडे बोट दाखवायची. "ही बाई काल इथे होती. पोर कडेवर आहे. आता पुढचा मुक्काम कुठे? चिकटव." मोठमोठे सर्जन चष्मा कपाळावर चढवून विचार करायचे आणि दाणा किनाऱ्यालाच लावायचे, आधीच्या दाण्यापासून बोटभर अंतरावर. बर्फात कुणी लावलेला मी पाहिला नाही. मी माझा दाणा मागे लावला होता, गुडघे दुखतात म्हणून. ती खूश झाली. "बरोबर. माणसं मागेही जातात. बाणाला ते जमत नाही."

तिला चीड होती ती एका गोष्टीची. इथल्या महाराष्ट्र मंडळात कुणीतरी हमखास म्हणायचं, "नलूताई, तुम्ही स्वतः मायग्रंट, म्हणून तुम्हाला याची आवड." त्यावर ती फणकारायची. "अहो, मी विमानाने आले, हातात नोकरीचं पत्र घेऊन. ती माणसं कुठे आलीच नाहीत. पुढच्या खाडीपर्यंत गेली, तिथे पोरं झाली, ती पोरं त्याच्या पुढच्या खाडीपर्यंत गेली. स्थलांतर हे नाव आपण मागाहून दिलं."

भिंतीवरचा बाण पुसा, निदान एक बाई तरी काढा, असं ती म्युझियमला सांगत राहिली. मॅनेजर टॉम दर वेळी "लव्हली आयडिया, नॅलिनी" म्हणायचा. मग बजेट नसायचं.

आणि शोकसभेत याच टॉमने पडद्यावर तिच्या स्मरणार्थ लावायच्या फलकाचं डिझाइन दाखवलं. मीनाने दिलेला नलूचा फोटो, खाली जगाचा नकाशा, आणि मिरजेहून लेस्टरपर्यंत एक जाड लाल बाण. महान प्रवास म्हणजे काय हे तिला स्वतःच्या आयुष्यातून कळलं होतं, असंही तो म्हणाला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. जो बाण पुसायला बजेट नव्हतं, तो तिच्यावर काढायला मात्र बजेट निघालं. मी उठून उभी राहिले आणि भर सभेत म्हटलं, हे काढा. मीना माझी बाही ओढत होती. टॉमचा चेहरा खरोखर गोंधळलेला होता. "पण मग दाखवायचं कसं?" त्याने विचारलं. तो प्रश्न घेऊनच मी संतापाने रडत बाहेर पडले.

त्या संध्याकाळी मीना आणि मी नलूच्या स्वयंपाकघरात बसलो होतो. "मावशी, आईची जर्नी म्हणजे काय होती गं?" ती म्हणाली. "तिनी मला कधी सांगितलंच नाही." मग मी सांगायला लागले. सहा-सहा महिन्यांच्या नोकऱ्या. आधी वेल्स, मग लँकेशर, तिथे जमलं नाही म्हणून परत वेल्स, मग ग्रिम्सबी. तुझे बाबा दुसऱ्याच हॉस्पिटलात, आणि तू कॅरीकॉटमध्ये. मूल घेऊन राहायला खोली देतील तिथे ती अर्ज करायची, त्याच्या पुढचं बघायला तिला फुरसतच नसायची. लेस्टरला यायचं असं कधी ठरलंच नव्हतं. इथे क्रेश, म्हणजे पाळणाघर, मिळालं, म्हणून ती इथे राहिली... मीनाने ड्रॉवरमधून जुना रोड ॲटलास काढला आणि वाटीतले दाणे एकेक करून त्यावर चिकटवले. एक दाणा मागे गेला.

तो ॲटलास मी गुरुवारी टॉमच्या टेबलावर ठेवला. म्हटलं, असं दाखवायचं. त्याने बराच वेळ पाहिलं आणि "लव्हली" म्हणाला. बाण अजून जागेवर आहे, दालनातल्या नकाशावरही आणि तिच्या फलकावरही. फोटो मी परत आणलाय, बाण जाईपर्यंत नलू त्या भिंतीवर चढणार नाही.

नलूचं घर आता विकायला काढलंय. तो नकाशा आणि ती वाटी मीनाने अजून हलवलेली नाही. परवा इस्टेट एजंट मापं घ्यायला आला, कोट घातलेला तरुण मुलगा. नकाशाला काय चिकटलंय म्हणून त्याने विचारलं, तेव्हा मीनाने त्याच्या हातावर एक दाणा ठेवला आणि आईचा प्रश्न त्याला विचारला. त्याने टेप खाली ठेवली. दाणा बोटावर घेऊन नकाशासमोर उभा राहिला.

"बाळ केवढं आहे?" त्याने विचारलं.

टॉमने इतक्या वर्षांत हे एकदाही विचारलं नव्हतं.