परतीचं टेबल

आमच्या दुकानात व्हिडिओ कॅमेरे विकायला चौघं आहेत आणि परत घ्यायला एकट्या ताई. विकणाऱ्यांच्या वाट्याला हसरे चेहरे येतात, ताईंच्या वाट्याला आंबट. पंधरवड्याच्या आत कॅमेरा परत करता येईल, अशी पाटी मालकांनी लावून ठेवली आहे. त्या पाटीच्या जिवावर लोक भारीतला कॅमेरा नेतात, घरातलं एखादं लग्न उरकून घेतात आणि "हातात बसत नाही हो" म्हणत साळसूदपणे परत आणून ठेवतात. मी शेजारीच बिलं करतो. माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. ताई मात्र लेन्सवरचे बोटांचे ठसे पुसत म्हणतात, "जाऊ दे रे. कॅमेरा माहेरी आलाय, त्याला कशाला बोलायचं?"

परत आलेला प्रत्येक कॅमेरा चालवून बघायचा, हा ताईंच्या टेबलाचा नियम. खिडकीतून रस्त्यापलीकडचा शिंपी दिसतो. ताई कॅमेरा खांद्यावर घेतात, शिंप्याच्या हातांवर फोकस धरतात, थोडं शूट करतात, डोळे भरून बघतात आणि पुसून टाकतात. पुढच्या गिऱ्हाइकाला कॅमेरा कोरा मिळायला हवा ना! एकाहून एक कॅमेरे त्यांच्या खांद्यावरून गेले, पण त्यांनी काढलेलं काहीही कुठे शिल्लक नाही. मला याचं फार वाईट वाटतं.

ताईंचे वडील लग्नांचे व्हिडिओ काढायचे. लहानपणी ताई त्यांच्यामागे दिवा धरून उभ्या राहायच्या. पुढे वडिलांचा खांदा दुखायला लागला, तेव्हा कॅमेराच त्यांच्याकडे आला. वडील गेले आणि भावाने तो विकून टाकला. "मला विचारलंसुद्धा नाही," एवढंच ताई एकदा बोलल्या. त्या दिवशी त्यांनी डबा उघडला नाही.

मध्यंतरी एक कॅमेरा सारखा परत यायला लागला. गिऱ्हाइकांची तक्रार एकच, झूम करून फोकस धरला आणि झूम कमी करत मागे आलं की चित्र मऊ, धूसर पडतं. ताई शिंप्यावर झूम लावून बघायच्या, तेव्हा चित्र लख्ख दिसायचं. मागे येऊन बघायचं कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. आलं तेव्हा ताईंना दुखणं लगेच कळलं. लेन्सच्या मागची रिंग जरा सरकली होती. ती नीट बसवून स्क्रू आवळला की काम झालं.

पण ताईंनी स्क्रू आवळला नाही. दर परतीला कॅमेऱ्याची किंमत उतरते आणि परतीचा माल आम्हा नोकरांना घेता येतो. अजून एकदा परत आला, की तो ताईंच्या आवाक्यात येणार होता. घरी कपाटातला वरचा कप्पासुद्धा त्यांनी रिकामा करून ठेवला होता. मी सगळं ओळखून होतो आणि मुकाट्याने बिलं फाडत होतो. मला विचाराल तर देवानेच तो कॅमेरा परत पाठवावा, असं मला वाटत होतं.

तेवढ्यात एक बाई आल्या. मुक्या मुलांच्या शाळेत शिकवायच्या. मुलं हातांनी बोलतात, ते नीट टिपून ठेवायचं होतं. कमी किंमत बघून त्यांनी नेमका तोच कॅमेरा उचलला आणि ताईंसमोर ठेवला.

"ताई, हा सारखा परत का येतो? खरं सांगा. पुन्हा पुन्हा पैसे उभे करायची माझी ऐपत नाही."

ताईंनी ड्रॉवरमधून छोटा पेचकस काढला, रिंग फिरवली, स्क्रू आवळला. "आता नाही येणार," त्या म्हणाल्या. मी बिल केलं.

त्यानंतर दार वाजलं की ताई मान वर करायच्या. पंधरवडा उलटून गेला तरी सवय जाईना.

आणि एके दिवशी त्याच बाई कॅमेरा घेऊन थेट परतीच्या टेबलाकडे आल्या. ताई झटकन उठल्या. माझ्याही जिवात जीव आला.

"परत नाही हो करायचा," बाई हसल्या. "पट्टा हवाय. जरा धरता का, मी बघते तोवर?"

ताईंनी कॅमेरा खांद्यावर घेतला. सवयीने खिडकीकडे वळल्या. शिंपी काजं करत होता. ताईंनी त्याचे हात टिपले, हळूच मागे येत अख्खं दुकान घेतलं. चित्र जराही मऊ पडलं नाही. मग त्यांचं बोट पुसायच्या बटणाकडे गेलं.

"अहो ताई, पुसताय कशाला? छान आलंय. राहू दे ना."

ताईंचं बोट तिथेच थांबलं. त्यांनी कॅमेरा दोन्ही हातांनी बाईंना दिला आणि दारापर्यंत पोचवायला गेल्या. परतीच्या टेबलावरून कुठल्या गिऱ्हाइकाला पोचवताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

आता दार वाजलं तरी ताई मान वर करत नाहीत. फक्त अधूनमधून, लेन्स पुसता पुसता मला विचारतात, "तिने ठेवलं असेल ना रे?"

"ठेवलंच असेल," मी म्हणतो.