रांगेतली कोळीण

तारापूरला वीजकेंद्र बांधत होते, त्या वर्षी पालघरच्या दवाखान्यात सुईच्या रांगेत माझ्यापुढे जवळच्या माहीम गावची एक कोळीण असे. खोकला आला की ती पदर तोंडात कोंबायची. एकदा तिने आपला केसपेपर माझ्यापुढे धरला.

"काय लिवलंय, बाय?"

"क्षय," मी हळूच म्हटलं. "म्हणजे झिजत जाणं."

कंपाउंडर म्हणाला, "ट्यूबरक्युलोसिस या इंग्रजी नावाचा अर्थ तर नुसत्या बारीक गाठी."

"मग घरी गाठीच सांगन. झिजनारीला सासू ठेवायची नाय."

पुढच्या आठवड्यात ती डोक्यावर मासळीची टोपली घेऊन दारातूनच बोलली, "सासू बोलते, गाठीला सुई कशाला? लेप लावते ती."

घर राहिलं म्हणून ती हसत होती. सुई सोडू नको, एवढं सांगायलाही माझं तोंड उघडलं नाही. त्यानंतर ती दिसली नाही. मी बरी झाले.