माझा आवडता समुद्रकिनारा

आता कोणत्या तोंडाने सांगू, पण सांगतेच. आमच्या कॉलनीला ही गोष्ट अर्धी माहीत आहे, आणि त्या अर्ध्यातच माझी पुरेशी शोभा झाली आहे. उरलेली अर्धी तुम्हाला सांगते. चहा घ्या, थंड होतोय.

तर, नागपुरात मी समुद्राची जाणकार म्हणून ओळखली जायचे.

हसू नका. कॉलनीत कोणी कोकणात निघालं की आधी माझ्याकडे यायचं. "सुनंदा, कोणता बीच चांगला वं?" मी भाजी निवडत सांगायचे, "गणपतीपुळ्याला गर्दी फार. मला विचाराल तर गुहागर. शांत. लांबच लांब वाळू, मागे सुरूची झाडं." पेपरच्या पुरवणीत जे जे छापून यायचं, ते माझं तोंडपाठ होतं.

कारण एवढंच, की मी समुद्र कधी पाहिलाच नव्हता.

लग्नानंतर आम्ही दोघं कोकणात, गुहागरला जाणार होतो. सगळ्या कॉलनीने हात हलवून निरोप दिला. स्टेशनवर गेलो तर वेटिंगचं तिकीट वेटिंगच राहिलेलं. परत जायची इतकी लाज वाटली, की ह्यांनी सुटकेस उचलली आणि आम्ही बसने गेलो पारशिवनीला, सासूबाईंच्या धाकट्या बहिणीकडे. मावशींना शपथ घातली की कुणाला सांगायचं नाही. आठ दिवस शेतात आणि नदीवर फिरलो. तिथे काय काय पाहिलं, तेही मग कोणाला सांगता आलं नाही.

घरी आल्यावर पहिला प्रश्न, "समुद्रावरून काय आणलं?" माझ्या रुमालात पेंच नदीतले पाच-सहा शिंपले होते. ते मी पुढे केले. सासूबाईंनी ते धुऊन शोकेसमध्ये मांडले. अजून तिथेच आहेत. सत्तावीस वर्षं झाली.

खोटं एकदाच बोलले होते हो. पण लोक दरवर्षी विचारायचे, त्याला मी काय करू?

गेल्या हिवाळ्यात आमच्या भिशीच्या आठ बायकांनी ठरवलं, यंदा समुद्र पाहायचा. कुठे? गुहागर, म्हणजे माझा आवडता. लीडर कोण? मीच. आणि सगळ्यात कठीण म्हणजे आमच्या आई, माझ्या सासूबाई, एक्क्याऐंशी वर्षांच्या, गुडघे गेलेले, म्हणाल्या, "मले बी ने वं सुनंदे. एकदा पाय बुडवू दे समुद्रात. मंग मी काही मागत नाही."

ह्यांनी मला बाजूला घेतलं. "अजून वेळ आहे. सांगून टाक."

"आता कसं सांगू? सगळ्यांची तिकिटं निघाली."

"या वेळी पक्की निघाली, हीच भानगड झाली," हे म्हणाले आणि पेपर वाचायला बसले.

रेल्वेने चिपळूण, तिथून गाडी. दुपारी सुरूच्या झाडांतून बाहेर आलो आणि समोर तो दिसला. मी "अगं बाई" म्हणणारच होते. पण जाणकार बाई "अगं बाई" कशी म्हणणार? मी म्हटलं, "हं. आहे तसाच आहे."

आता बसायचं कुठे? वर भुसभुशीत वाळू होती, तिच्यात आईंची प्लास्टिकची खुर्ची एका बाजूला कलत होती. खाली पाण्याजवळ मात्र काय सुंदर सपाट जागा. घट्ट, ओली, शेणाने सारवलेल्या अंगणासारखी. मी म्हटलं, "इथेच. इथे रेती चिकटत नाही."

भिशीतल्या आमच्या मंदाताईंना शंका काढल्याशिवाय जेवण पचत नाही. त्या वाकल्या आणि बोटाने रेती दाबून पाहिली.

"सुनंदा, इथली रेती ओली काहून आहे? पाणी तर थे तिथं दूर आहे."

मी क्षणभरही थांबले नाही. "हवा दमट असते ना ताई. समुद्राकाठची रेती ओलीच राहते."

"हाव का? तुले माहीत बापा," म्हणून त्यांनी चपला काढल्या.

तुम्हीच सांगा, मला कसं कळावं? आम्ही अंबाझरीच्या तलावाकाठी वाढलेली माणसं. तिथलं पाणी सकाळी जिथे असतं, संध्याकाळी तिथेच असतं. पाणी उठून माणसाकडे चालत येतं, हे पुरवणीत कुठे छापून आलं असेल, तर ते पान नेमकं माझ्याकडून सुटलं असावं.

खुर्ची मांडली. आईंना बसवलं. नऊ जणींच्या चपला खुर्चीमागे रांगेत लावल्या. मग लीडरच्या अंगात आलं. "मोबाइल आणि चष्मे इकडे द्या, पाण्याने खराब होतील." सगळं एका पिशवीत भरून आईंच्या मांडीवर ठेवलं.

"आई, आम्ही त्या टोकापर्यंत जाऊन येतो. इथून हलू नका हं. मी येईपर्यंत अजिबात हलायचं नाही."

"नाही हलत. जा तू. मी पाहून राहिली," आई म्हणाल्या. त्यांची नजर पाण्यावरून निघतच नव्हती.

आम्ही गेलो. शिंपले वेचले, खरे. लहान पोरींसारखं पाणी उडवलं. एकीचाही चष्मा डोळ्यांवर नव्हता, मोबाइल नव्हता, वेळेचं भान कोणाला? तास-सव्वातास झाला असेल.

परत येताना मंदाताई डोळे बारीक करून म्हणाल्या, "सुनंदा, थे समुद्रात कोण बसून आहे वं?"

मी पाहिलं. समुद्रात एक खुर्ची होती. खुर्चीत नऊवारी नेसलेली एक म्हातारी होती. तिच्या डोक्यावर पिशवी होती आणि ती तिने दोन्ही हातांनी धरली होती.

माझे पाय कसे पळाले ते मला माहीत नाही. लाट आली की पाणी आईंच्या मांडीपर्यंत यायचं, गेली की खुर्चीचे पाय आणखी रुतायचे. शेजारी एक शहाळीवाला खुर्ची घट्ट धरून उभा होता. त्याने आणि मी मिळून आईंना उचलून वर आणलं. नऊ जोड्यांपैकी दोन चपला सापडल्या, त्याही डाव्या.

"तुम्हीच का यांची सून?" शहाळीवाला धापा टाकत म्हणाला. "तीनदा सांगितलं, आजी, भरती लागलीय, उठा. उचलायला गेलो तर हातावर चापट मारली. म्हणतात, सुनेने हलू नको सांगितलंय, तिला समुद्र माहीत आहे."

मला वाटलं, आता जी लाट येईल तिने मलाच घेऊन जावं. पण लाटासुद्धा माझ्या पायापाशी येऊन परत जात होत्या.

मंदाताईंनी पिशवीतून चष्मा काढला, डोळ्यांवर लावला, आणि जिथे आमच्या चपला होत्या त्या पाण्याकडे पाहिलं.

"दमट हवा लईच वाढली वं, सुनंदा."

आणि आई? थरथरत होत्या, ओठ निळे पडले होते, पण मला बोलायच्या आधी बाकीच्यांना बोलल्या. "तिले कोणी काही म्हणू नका. ती आली होती तवा हा असा पुढं येत नसंल."

अनवाणी मुक्कामाच्या घरी गेलो. आईंना कोरडं नेसवलं, आल्याचा चहा दिला, गरम पाण्याने पाय शेकत बसले. खोलीत आम्ही दोघीच. त्या सुरकुतलेल्या पायांना वाळू चिकटलेली होती. मला रडू आवरेना.

"आई, मी खोटं बोलले. मी समुद्र कधी पाहिलाच नव्हता."

"मले माहीत आहे," आई चहा फुंकत म्हणाल्या.

मी पाय शेकायची थांबले. "कधीपासून?"

"तुम्ही पारशिवनीले होते, तवापासूनच. तुमचे मावसाजी इथं कळमन्याच्या बाजारात माल घेऊन आले होते. घरी चहा पिले आन सांगून गेले. पोरं मजेत आहेत म्हणे, नदीवर शिंपले वेचून राहिले."

"आणि तुम्ही ते शिंपले शोकेसमध्ये..."

"मंग काय करू? तू किती हौसेनं पुढं केले."

"पण आई, सगळं माहीत होतं, मग त्या पाण्यात बसून का राहिलात? मी म्हटलं म्हणून?"

आईंनी कप खाली ठेवला. "मले वाटलं, सत्तावीस वर्षं लोकाईले समुद्र सांगून राहिली, एवढ्यात तुले थोडा तरी आला असंल."

मी खाली मान घालून पुन्हा पाय शेकू लागले. आई म्हणाल्या, "पाय बुडवायचे म्हटलं होतं. तू कमरेलोक बुडवलं. तक्रार नाही माझी."

नागपुरात परतल्यावर सगळ्यांनी आईंची तब्येत विचारली, आणि मला समुद्राबद्दल विचारणं बंद झालं. आई ठणठणीत आहेत. आणलेले खरे शिंपले मी शोकेसमध्ये ठेवायला गेले, तर त्यांनी हात धरला. म्हणे, आहेत तेच राहू दे.

परवा भिशीत नवीन बेत निघाला, पेंचच्या जंगलाचा. मंदाताईंनी माझ्याकडे पाहिलं आणि सगळ्यांदेखत विचारलं, "काहून सुनंदा, वाघ पाहिला का तू कधी? का तो बी दमट हवेतच पाहिला?"

सगळ्या हसल्या. मी पोह्यांच्या बशीत पाहत म्हटलं, "नाही पाहिला."

आता तुम्हाला सांगते, पण पुढे कोणाला सांगू नका. मी वाघ पाहिला आहे. मावशींकडे होतो तेव्हा, पेंचच्या काठी, भर सकाळी, पाणी पिताना, आम्ही दोघं पलीकडच्या काठावर श्वास धरून उभे. आयुष्यात एवढं सुंदर काही मी पाहिलं नाही.

पण त्या दिवशी मी गुहागरला होते ना.