पुलापलीकडचा टावर

मी शाळेत गणित शिकवतो, आणि दहावीच्या पोरांना दरवर्षी पत्त्यांच्या गड्डीवरची उदाहरणं घालतो. बावन्न पत्त्यांतून राजा निघण्याची शक्यता किती, लाल राणी निघण्याची किती. मध्य प्रदेशातल्या आमच्या बालाघाटात शाळा हिंदीची, म्हणून फळ्यावर ‘प्रायिकता’ असं मोठ्या अक्षरांत लिहायचं, तीन-चार उदाहरणं करून दाखवायची आणि उरलेली घरून करून आणा म्हणायचं. एवढं सगळं येत असून मी चार वर्षं फोनवर पैशाची रमी खेळलो आणि हरलो. किती हरलो ते सांगत बसत नाही. ज्याला हिशेब येतो तोच जेव्हा हिशेब करायचं टाळतो तेव्हा जेवढे जातात, तेवढे गेले.

आमच्या भागात पोळ्याला पत्ते बसतातच. माझे वडीलही खेळायचे, पण पोळा आणि दुसऱ्या दिवशीची कर, असे दोनच दिवस. तिसऱ्या दिवशी गड्डी माळ्यावर जायची ती वर्षभर खाली यायची नाही. मला या फोननं रोजचाच पोळा लावून दिला. मधल्या सुट्टीत डाव, बँकेच्या रांगेत डाव, दूध उतू जाईपर्यंत गॅसपाशी उभं राहून डाव. मुलगी लग्न होऊन गेलेली, घरात आम्ही दोघंच. बायको समोर बसून काही सांगत असायची आणि मी ‘हौ, हौ’ करत जोकर शोधत असायचो. तिला हे कळत नव्हतं असं नाही. ती सांगायची थांबायची, मी तरीही ‘हौ’ म्हणायचो.

सासरे वारले त्या उन्हाळ्यात गोष्ट हाताबाहेर गेली. माझी सासुरवाडी राजेगावच्या पुलापलीकडे, बाघ नदी ओलांडली की महाराष्ट्रात, गोंदियाच्या अलीकडचं गाव. तेरवीच्या पंगतीत वाढायला जावई म्हणून मी उभा होतो. एका हातात भाताची बादली, दुसऱ्या हातात फोन. डाव रंगात आला होता, एकच पत्ता हवा होता. पंगतीतून ‘भात, भात’ अशी हाक येत होती आणि मला ऐकूच आली नाही. शेवटी बायकोनं येऊन माझ्या हातातली बादली घेतली आणि आपल्या बापाच्या तेरवीचा भात तिनंच वाढला. तो डाव मी जिंकलो होतो. आजही आठवलं की कानशिलं तापतात.

दुसऱ्या दिवशी ती माझ्याबरोबर परत आली नाही. लोकांना सांगितलं, आई एकटी हाये, राह्यतो चार दिवस. मला गाडीपाशी येऊन हळूच म्हणाली, ‘हे सोडाल तवा न्यायले या. त्याच्या आधी येऊ नका.’

त्यानंतर मी ॲप कितीदा काढून टाकलं आणि कितीदा परत घेतलं, ते विचारू नका. सकाळी काढायचं, संध्याकाळी घ्यायचं. जित्याची खोड म्हणतात ती अशी. तिचा फोन आला की ‘प्रयत्न चालू आहे’ म्हणायचो, आणि ती ‘बरं’ म्हणून ठेवून द्यायची. उन्हाळा गेला, पावसाळा आला, घरातली तुळस वाळून गेली.

मग सरकारनं कायदा केला. पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ सगळेच बंद. पोळ्याला दोन दिवस होते. मधल्या सुट्टीत ॲप उघडलं तर टेबलं गायब आणि तिथे चार ओळींचा निरोप: नव्या कायद्यानुसार पैशाचे खेळ थांबवले आहेत, शिल्लक रक्कम काढून घ्या. मी ते बंद करून पुन्हा उघडलं. फोनच बंद करून चालू केला. तोच निरोप. सुटलो असं वाटायला हवं होतं. मला राग आला, असा राग की वर्गात जाऊन एका पोराला उगाच उभं केलं. मला न विचारता माझ्या हातातलं काढून कसं घेतात? आणि हात तर ऐकायला तयार नव्हते. अंगठा आपला खडूवर, टेबलाच्या कडेवर, भाकरीच्या तुकड्यावरसुद्धा सरकत राहायचा.

त्याच संध्याकाळी मी बायकोला फोन लावला आणि म्हणालो, ‘सोडलं.’

तिनं विचारलं, ‘खरंच?’

‘खरंच. माझ्या मनानं सोडलं.’

आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो मीच. ती म्हणाली, ‘पोळ्याले या मंग न्यायले.’ तिचा आवाज किती दिवसांनी असा मोकळा ऐकला होता. फोन ठेवल्यावर मला खूप आनंद झाला, आणि त्या आनंदात मी पुन्हा एकदा ॲप उघडून पाहिलं.

दुसऱ्या दिवशी स्टाफरूममध्ये खेळाचे शिक्षक चहा ओतता ओतता म्हणाले, ‘गुरुजी, ये बंदी तो अपने एमपी में लगी है. महाराष्ट्र में सब चालू है. पुल के उस पार टावर बदला कि खेलो आराम से.’ दुसऱ्या कुणाला हे खुळचट वाटेल. मला वाटलं नाही, त्याला कारण होतं. दोन वर्षांपूर्वी मी पुतण्याच्या लग्नाला हैदराबादला गेलो होतो, तेव्हा तिकडे हीच रमी बंद होती. फोन तिथला टावर धरायचा आणि ॲप म्हणायचं, या राज्यात खेळता येणार नाही. परतीच्या गाडीत हद्द ओलांडली की लगेच डाव चालू. एकदा घडलेलं उदाहरण हाती आलं की मी त्याला सिद्धता मानतो, आणि पोरांना मात्र त्याबद्दल अर्धा गुण कापतो. घरी येईपर्यंत मला खात्रीच पटली होती. आणि उद्या तर मला पुलापलीकडे जायचंच होतं.

पोळ्याच्या दिवशी जेवून दुपारी निघालो. वाटेत दोन्हीकडे धान हिरवंगार, बैल धुऊन-रंगवून दारादारांत उभे. बायकोचा फोन आला, ‘निघाले का? मी बॅग भरून बसली हाये.’ मी म्हणालो, तासाभरात पोचतो. पुलावर आलो, नदी भरून वाहत होती. पूल संपला तिथे कडेला तीन मोटारसायकली लावलेल्या आणि तीन माणसं फोन वर धरून उभी. काय चाललंय ते मला सांगावं लागलं नाही. मीही गाडी लावली.

त्यात आमच्याच बाजूच्या किरनापूरचा एक ओळखीचा कपड्याचा दुकानदार होता. म्हणाला, ‘गुरुजी, यहाँ आधा टावर अपने एमपी का ही पकड़ता है. थोड़ा अंदर जाना पड़ेगा.’ तेवढ्यात गोंदियाकडून दोन माणसं गाडीवर आली, आमच्यापाशी थांबली आणि एकानं मलाच विचारलं, ‘भाऊ, तुमच्या एमपीत चालू हाये म्हणते न? आम्ही त्याच्याचसाठी येऊन राह्यलो. आमच्याकडं बंद हाये.’

दुकानदार इतका हसला की त्याला कठड्याला धरावं लागलं. ते दोघंही हसले. मला हसू आलं नाही. आता तरी कळायला हवं होतं, नाही का? नदीच्या दोन्ही काठांचे लोक एकमेकांकडे तेच शोधायला निघालेले. पण मी मनात म्हटलं, हे पुलाजवळचे आहेत, यांचे टावर घोटाळ्यातले, आत जाऊन पाहिलं पाहिजे. दुकानदाराला म्हणालो, मी बघून येतो. सासुरवाडीचा फाटा लागला तो सोडून पुढे गेलो. एका पानटपरीपाशी थांबलो, मग त्याच्याही पुढे एका शाळेच्या भिंतीपाशी. जिथे थांबलो तिथे उघडून पाहिलं. तेच टेबलं नसलेलं पान, त्याच चार ओळी. दरम्यान बायकोचे चार फोन येऊन गेले. घेतले नाहीत, फोनमध्ये गुंतलो होतो.

सासुरवाडीला पोचलो तेव्हा पोळा फुटून गेला होता. लोक तोरणाखालून बैल घेऊन परतत होते. बायको नवं लुगडं नेसून ओसरीवर बसली होती, बॅग पायाशी.

‘काहून उशीर?’

‘पंचर झालं.’

‘फोन तं घ्याचा.’ एवढंच म्हणाली आणि पुरणपोळी वाढायला आत गेली. सासूबाईंनी आम्हाला दोघांना कुंकू लावलं. अंधार पडायच्या आत निघालो. मागे बसून ती बोलत होती, सुटल्यासारखी बोलत होती: कोणाचा बैल उधळला, तुळस नवी लावू, परसात वांगी लावू. मी प्रत्येक वाक्य ऐकत होतो. खरंच ऐकत होतो. तिचा हात माझ्या खांद्यावर होता.

पुलाच्या तोंडाशी दुकानदार अजून उभाच. मला पाहून त्यानं लांबूनच ओरडून विचारलं, ‘गुरुजी! उधर चालू मिली क्या रमी?’

खांद्यावरचा हात निघाला. ‘गाडी थांबवा,’ ती म्हणाली.

पुलाच्या मधोमध थांबलो. ट्रक गेला की पूल हलत होता. मी सगळं सांगितलं: पंक्चर नव्हतं, टावर शोधत फिरलो, आणि सोडलं ते मी नाही, सरकारनं बंद केलं म्हणून सुटलं.

‘मले माहीत होतं,’ ती म्हणाली. ‘आईच्या घरी बी टीव्ही हाये. तुमचा फोन यायच्या आधीच पाह्यलतं मी.’

‘मग ये म्हणालीस कशाला?’

‘म्हटलं, सरकारनं कान धरून सोडवलं तं सोडवलं. मले काय, माणूस घरी पायजे.’ तिनं नदीकडे पाहिलं. ‘पन तुम्ही तं पूल वलांडून पाहाले आले. मी तिकडं बॅग घेऊन बसली होती, अन् तुम्ही आमच्या फाट्याहून पुढं गेले.’

मी गाडी बंद केली.

‘एक सांगा,’ ती म्हणाली. ‘उद्या सरकारनं हे परत चालू केलं, तं खेळान का नाई?’

‘नाही’ हा शब्द मला पाठ होता. चार वर्षं मी तोच देत आलो होतो. तोंड उघडलं आणि निघालं, ‘माहीत नाही.’

तिनं बॅग मांडीवर ओढून घेतली. ‘मंग मले आईकडंच सोडा.’

गाडी वळवली. दारात सासूबाईंनी विचारलं, ‘काय इसरलं वं?’ ती म्हणाली, ‘पोळा हाये, राह्यतो म्हटलं अजून.’ मला म्हणाली, ‘पोचले की फोन करा.’ रागानं म्हणाली असती तर बरं वाटलं असतं.

परतीचा रस्ता कसा संपला आठवत नाही. कुलूप काढलं, दिवा लावला, तिला फोन लावायला मोबाइल हातात घेतला. आणि अंगठा आधी तिकडे गेला. बंदच होतं. मग तिचा नंबर लावला. पहिल्याच रिंगला उचलला.

‘पोचलो,’ मी म्हणालो.

‘फोन हाती घेतल्यावर आधी तेच उघडून पाह्यलं न?’

बूटसुद्धा काढले नव्हते मी. भिंतीला टेकलो. खोटं बोललो असतो तरी पाहायला तिथे कुणी नव्हतं.

‘हौ,’ म्हणालो.

मग ती म्हणाली, ‘येजा मंग शनिवारी. अन् आल्यावर बी असंच खरं सांगजा.’