सहा नंबरचं टोकन

लेथखाली लोखंडाचा बुरा साचतो ना, तसे किस्से साचतात भाऊ. संध्याकाळी झाडून टाका, सकाळी पुन्हा ढीग! लोकं म्हणतात, बबन, लिहून काढ. अरे, मी हजेरीच्या कागदावर सही करायचो तेव्हा जीभ बाहेर यायची माझी! तर मी बोलून राहिलो आणि आमची नात लिहून राहिली. तिच्या मराठीत हिंदी घुसते, माझ्यातही घुसते. चलो, चालवून घ्या.

गोष्ट लढाईच्या वर्षांची. जबलपुरात खिडक्यांना काळे कागद, आणि फॅक्टरीत बारा-बारा तास काम. आठवड्यात एकच रविवार सुटी. त्या दिवशी माणूस झोपेल की नाही? पण आमच्या सेक्शनवर देखरेखीला होते चार्जमन टेंभेकर साहेब. म्हणाले, "मशीनपाशी उभं राहून पाय गंजून राहिले तुमचे! रविवारी चालायचं!"

झालं! ग्वारीघाटावरून निघायचं, नर्मदेच्या काठाकाठानं तिलवारा, लम्हेटा, नाही तर खंदारीच्या जंगलात. सकाळी निघायचं, उजेडात परत. आम्ही पाच जण. साहेब. त्यांच्या मिसेस, म्हणजे आमच्या वहिनी. स्टोअरचा तिवारी, वजन दोन माणसांचं. लेथवरचे टर्नर नाना. आणि मी, फिटर बबन, ज्याला सगळे बब्या म्हणत.

साहेबांनी फिरण्यातही फॅक्टरी आणली. घाटावरच्या चहावाल्याकडे एक लाकडी पाटी ठेवली, तिला खिळे. प्रत्येकाला पत्र्याचं एक टोकन, नंबर ठोकलेला. निघताना टोकन खिळ्याला लटकवायचं, परत आलं की आपलं आपण काढून घ्यायचं. "खिळ्यावर टोकन राहिलं म्हणजे माणूस जंगलात राहिला!" साहेब म्हणायचे. गळ्यात शिटी, हातात घड्याळ. मी म्हटलं, "साहेब, जंगलात वाघ भेटला तर त्याचाही पास बनवायचा का?"

साहेब हसत नसत. साहेबांना विनोद चालतच नव्हता, ते मशीनच वेगळ्या मेकचं!

•

खंदारीच्या जंगलातली गोष्ट. एक नाला आडवा होता, पाणी मांडीपर्यंत. चपला हातात घेऊन आम्ही मधोमध पोचलो, आणि दूरवर फॅक्टरीचा बाराचा, जेवणाच्या सुटीचा हूटर वाजला.

आता सांगतो ते खरं आहे. तिवारी होता तिथे थांबला. कमरेचा डबा सोडला. आणि खाली बसला!

पाण्यात! गळ्यापर्यंत!

डबा डोक्यावर धरून म्हणतो, "हूटर हो गया ना भाई!"

हसू नका, कारण साहेबही वाकले होते बसायला. माझाही गुडघा मुडपला होता. वहिनी तेवढ्या सरळ चालत पलीकडे गेल्या, लुगड्याचा काठ पिळला आणि म्हणाल्या, "मी फॅक्टरीत नाही हो. मला भूक लागली की मी जेवते."

•

नाना पहिले अशा वेळी असे हसायचे की विचारू नका. अख्ख्या शॉपमध्ये लेथच्या वर आवाज जायचा. त्या दिवशी नाना काठावर उभे होते. बघितलं, आणि पुढे चालू लागले.

कारण नानांचा विनू. एकुलता एक मुलगा, फौजेत. लढाई सुरू झाली आणि त्याच्या चिठ्ठ्या बंद झाल्या. लढाई थांबली, तरी चिठ्ठी नाही! नाना कामावर यायचे, चालायलाही यायचे. घरी बसलं की पोस्टमनची वाट पाहून जीव जातो म्हणायचे. पण हसणं बंद.

मी ठरवलं. विनूची चिठ्ठी आणणं काही माझ्या हातात नाही. पण नानांना हसवलं नाही तर नावाचा बब्या नाही!

•

सुरुवात साहेबांच्या थैलीपासून. लम्हेट्याला काठावर काय एकेक दगड आहेत! साहेब थैली ठेवून शिटी वाजवायला पुढे गेले की मी एक मस्त गोटा उचलायचो आणि त्यांच्या थैलीत तळाशी. साहेब सगळा रस्ता म्हणायचे, "आज थकल्यासारखं काहून वाटून राहिलं?" मी म्हणायचो, "साहेब, पाय गंजले असतील!"

असे तीन रविवार. चौथ्या रविवारी वहिनींनी मला बाजूला घेतलं. मी म्हटलं, मेलो आता.

वहिनी हळूच म्हणाल्या, "भाऊजी, तिन्ही गोल निघाले. लोणच्यावर दाब ठेवायला जरा चपटा टाका ना!"

मी हा किस्सा नानांना हात हलवून हलवून सांगितला. नाना म्हणाले, "चपटा लम्हेट्याला नाही मिळणार. तिलवाऱ्याला पाहा." बस! एवढंच.

•

मग मी मोठं काम काढलं. मशीनवर पत्रा कापला, घासला, सहा नंबर ठोकला, आणि निघताना सगळ्यांची नजर चुकवून पाटीवर लटकवून दिला.

संध्याकाळी परत आलो. पाच जणांनी पाच टोकनं काढली. खिळ्यावर सहावं!

साहेब पांढरे पडले. माणसं मोजली. पाच. पुन्हा मोजली. पाच.

"एक माणूस मागे राहिला!"

वहिनी म्हणाल्या, "अहो, आपण पाचच निघालो होतो."

"टोकन खोटं बोलत नाही!"

आता तुम्ही म्हणाल, एवढे शिकले-सवरलेले! पण वीस वर्षं ज्यानं रोज टोकनवरून माणूस मोजला, तो चेहऱ्यावरून कसा मोजेल? शिटी वाजवत साहेब उलटे फिरले. मागून आम्ही. चहावाला भैयासुद्धा स्टोव्ह बंद करून आला. तिवारी दोन्ही हात तोंडाशी धरून ओरडतो, "अरे ओ छह नंबर! कहाँ हो भैया!"

तासभर शोधलं. घाटावरच्या नाववाल्यांना विचारलं. ते म्हणाले, "दिखने में कैसा था?" तिवारी एका दगडावर बसला आणि त्याचे डोळे भरून आले.

"बेचारा," म्हणतो. "अच्छा आदमी था!"

मग मला राहवलं नाही. हसता हसता मी वाळूत लोळलो, आणि सगळ्यांना कळलं. साहेबांनी मला काय काय म्हटलं ते नात लिहिणार नाही. टोकन नर्मदेत फेकायला त्यांनी हात उचलला.

"द्या इकडे," नाना म्हणाले.

टोकन घेतलं, धोतराला पुसलं, आणि पुन्हा खिळ्याला लावलं.

"राहू द्या साहेब. सहावा माझा येऊनच राहिला आहे."

 दर खेपेला पाटी जमा करताना साहेब चहावाल्याला रिपोर्ट द्यायचे, "पाच हजर!" त्या दिवसापासून रिपोर्ट बदलला.

"पाच हजर, एक बाकी!"

•

तिलवाऱ्याच्या पुढे एका गावात आम्हाला धरलं. जासूस म्हणून! दिवसच तसे होते. त्यात साहेबांच्या गळ्यात शिटी, हातात कागदावर काढलेला रस्त्याचा नकाशा, आणि सगळे आपसात मराठीत बोलून राहिलेले. लाठ्या घेऊन वीस-पंचवीस लोक गोळा!

मुखिया म्हणाला, "कितने आदमी हो?"

साहेब सवयीनं ताठ उभे राहिले. "छह! पाँच हाजिर, एक बाकी!"

झाला ना घोटाळा! "बाकी कहाँ है? कहाँ छुपाया है छठे को?" एकानं तिवारीची कॉलर धरली. तिवारी म्हणतो, "मुझे मत पूछो भैया, मैं तो खुद उसको एक घंटा ढूँढा हूँ!"

इकडे वहिनी साहेबांवर सुटल्या. "नकाशा कशाला काढता? नदी दिसत नाही का? नदीच्या बाजूनं जायचं तर नकाशा लागतो? पोळ्या लाटताना मी नकाशा काढते का?" साहेब म्हणाले, "तू गप." वहिनी म्हणाल्या, "लग्न झालं तेव्हापासून गपच आहे!"

मागून एक म्हातारी म्हणाली, "छोड़ दो रे. ये तो मियाँ-बीवी हैं. जासूस ऐसे नहीं लड़ते."

सगळे हसले. मुखिया मात्र हसला नाही. त्यानं पुन्हा विचारलं, "छठा कहाँ है?"

नाना पुढे झाले. "बॉर्डर पर. मेरा लड़का है. दो महीने से चिट्ठी नहीं है."

मुखियानं लाठी भिंतीला टेकवली. आत वळून आवाज दिला, "मठा लाओ. छह गिलास."

सहा आणले हो! सहावा ग्लास नानांच्या समोर ठेवला. नानांनी तोही प्यायला.

•

बोरांचे दिवस होते. त्या रविवारी नाना घाटावर उशिरा आले. थैलीतून पाकीट काढलं. बंद! आदल्या दिवशी आलं होतं, फौजी डाकेचं. वरचा पत्ता विनूच्या अक्षरात नव्हता. म्हणून उघडलं नव्हतं.

साहेबांनी हात पुढे केला. साहेब फाडफाड वाचतात. नानांनी पाकीट माझ्या हातात दिलं.

"मी काहून नाना? मला तर दुकानाची पाटी वाचायला दोन फेऱ्या माराव्या लागतात!"

"म्हणून तूच वाच," नाना म्हणाले. "तू हळूहळू वाचतो. वाईट असलं तर हळूहळू येईल."

मी पाकीट फोडलं. हिंदीत होतं, कोणा दोस्तानं लिहिलेलं. मी एकेक अक्षर उचलत गेलो. "पू... ज्य... पि... ता... जी." तिवारी डोळे मिटून नर्मदे-नर्मदे करून राहिलेला. "वि... नू... का... हा... थ..." इथे मी थांबलो, कारण पुढचं अक्षर पुन्हा जोडाक्षर! वहिनी ओरडल्या, "भाऊजी, वाचा हो!"

शेवटी निघालं. हात मोडला. उजवा. प्लास्टर आहे, लिहिता येत नाही म्हणून दोस्त लिहून राहिला. गोळी नाही, बॉम्ब नाही. बोरं तोडायला झाडावर चढला आणि पडला!

मी आनंदानं उडी मारली. साहेबांनी शिटी वाजवली! आणि नाना माझ्याकडे बघून राहिले.

"बब्या, खरं वाच."

"नाना, नर्मदेची शपथ!"

"मला बरं वाटावं म्हणून बनवून राहिला तू. बोरीवरून पडला म्हणे!"

वहिनींनी वाचून दाखवलं. साहेबांनी वाचून दाखवलं. नाना म्हणाले, "लिहिणाऱ्यानंच बनवलं असेल. तो काय बापाला खरं लिहील?" पाकीट घडी करून ठेवलं आणि चालायला लागले.

जन्मभर थापा मारल्या, कोणी ना कोणी मानल्या. एकदा खरं वाचलं, तर ही गत!

•

आता शेवटचा किस्सा. होळी होऊन गेली होती. लम्हेट्याहून परत आलो, घामानं भिजलेले. साहेबांनी पाटी मागितली. मी एक नंबर काढला, तिवारीनं दोन, वहिनींनी तीन, नानांनी चार, साहेबांनी पाच.

सहावा खिळा रिकामा!

साहेब माझ्याकडे वळले. "बब्या! सगळ्या गोष्टींची थट्टा? हे टोकनसुद्धा?"

"साहेब, मी नाही!"

"दुसरा कोण आहे इथे हरामखोर?"

वहिनींनीही तोंड फिरवलं माझ्यावरून. तिवारी म्हणाला, "बबन, ये ठीक नहीं किया." आणि नाना... नाना त्या रिकाम्या खिळ्यावरून बोट फिरवून राहिले. मी थैली उलटी केली. खिसे उलटे केले. चपला काढून दाखवल्या. कोणी मानेल तर शपथ!

तेवढ्यात पत्र्याच्या शेडमधून, चहावाल्याच्या बाकावरून आवाज आला.

"मी काढलं. घरी कुलूप होतं, शेजारी म्हणाले घाटावर पाहा. भैया म्हणाले, हे तुझंच आहे."

खाकी शर्ट. एक बाही रिकामी लटकून राहिलेली, आत प्लास्टर. डाव्या हातात टोकन.

नानांनी त्याच्याकडे बघितलं. मग माझ्याकडे बघितलं.

"बब्या," म्हणाले, "हा खरा आहे ना?"

मी जोरजोरात मान हलवली. नाना पुढे गेले आणि बोटाच्या गाठीनं प्लास्टरवर ठकठक केलं, जसा टर्नर मशीनवरचा जॉब ठोकून पाहतो. विनू ओरडला, "बाबा! दुखते ना!"

साहेबांनी घड्याळ काढलं. घड्याळाकडे पाहिलं, विनूकडे पाहिलं. आवाज फाटला होता, तरी शॉपमधल्यासारखे गरजले,

"सहा नंबर! तीन महिने लेट! हाफ डे कटेल!"

आणि नाना हसले. असे हसले, असे हसले की शेडवरची माकडं झाडावर पळाली, नाववाले उठून उभे राहिले!

आणि आमचा तिवारी, धाय मोकलून रडत, विनूला मिठी मारून घाटभर सांगून राहिला, "यही है! यही है वो! मैंने कहा था ना, अच्छा आदमी था!"