तेवीस नंबरची अक्का

बनशंकरीच्या बागेत आम्ही चार पेन्शनर रोज सकाळी बसतो. एकानं एक किस्सा सांगितला की दुसऱ्याचे दोन निघतात. ऊन चढतं, घरून फोन येतात, किस्से काही संपत नाहीत. माझे सगळे एका खेचराचे. शाळेत कधी गेलो नाही, त्यामुळे सावकाश सांगतो.

*

भरती बेंगळूरलाच झाली. साहेबानं विचारलं, "काय येतं?"

"गाढवं हाकतो. बापाच्या विटा वाहतो."

मागची पोरं हसली. साहेब हसला नाही. "सरहद्दीवर खेचरं हाकशील?"

"खेचराला विचारून सांगतो!"

झालं, घेतलं की मला!

*

ठाण्यावर बारा खेचरं. माझ्या वाट्याला सगळ्यांत थोरली आली, म्हणून मी तिला अक्का म्हणायचो. हवालदार शिंदे म्हणाले, "जीव लावू नकोस. जनावरांचे डॉक्टरसाहेब पुढच्या फेरीला तिला बाद करणार. बाद म्हणजे गोळी."

म्हटलं, "बघू."

*

एकदा चढावर अक्का थांबली. सुभेदार ओरडले, "काठी घाल!"

"नाही घालणार, साहेब."

"मग तिच्या पाठीवरची गोणी तू उचल!"

उचलली. स्वल्प स्वल्प, थोडं थोडं करत वर पोचलो. मागून अक्का डुलत डुलत.

वरचा पहारेकरी म्हणाला, "नवीन खेचर बरं आहे!"

*

मोठे साहेब पाहणीला आले. मला विचारलं, "दुश्मन आला तर काय करशील?"

"आधी अक्काला आत बांधीन."

"आणि मग?"

"मग त्याला!"

*

शेवटी डॉक्टरसाहेब यादी घेऊन आलेच. आमच्याकडे कागदावर खेचराला नाव नसायचं, पुढच्या खुरावर डागलेला नंबर असायचा. यादीत बाद म्हणून एकच नंबर होता, तेवीस. अक्काचा.

साहेब जेवायला बसले. मी कानस घेतली आणि अक्काच्या खुरावरचा नंबर घासून काढला. मान वर केली तर शिंदे समोर उभे! म्हटलं, संपलं आता. त्यांनी माझ्या हातातली कानस घेतली आणि शेजारच्या खेचराचा पाय उचलला.

साहेब हात पुसत आले. बारा खेचरं, नंबर एकावरही नाही!

"कुणी केलं हे?"

"मी, साहेब."

"मी," शिंदे म्हणाले.

"मी!" आचारी म्हणाला. त्यानं जन्मात खेचराला हात लावला नव्हता.

साहेब रांगेतून चालत गेले, थेट अक्कासमोर थांबले. तिचे दात पाहिले. मग यादीचा कागद तिच्या तोंडापुढे धरला, आणि ती तो चावून पूर्ण गिळेपर्यंत हात मागे घेतला नाही.