इरजण मागणारी अक्का

“ही तीच की गं, इरजण मागणारी अक्का…” कुणीतरी हळूच म्हणालं आणि शेजारची बाई पदर तोंडाला लावून हसली. समोर अक्काचा देह फुलांत बसवला होता, कपाळभर विभूती, आणि अंगणात भजन चाललं होतं. मी दाराआड पाण्याचे पेले भरत होते. मला बघून बोलणारी ओशाळली. “नावं ठेवत न्हाई, बाई. आमच्या घरी आलती एकदा. इरजण नेलं, आन् आमची चूल कुठं धुरतीय ते सांगून गेली.” सकाळपासूनचं रडू तिथंच थांबलं आणि मला हसू यायला लागलं…

अक्का ही बाबांची थोरली बहीण, म्हणजे माझी आत्या. पण सगळं चिटगुप्पा गाव तिला अक्का म्हणे, म्हणून मीही. बाबांची नोकरी बदलीची, माझं शिक्षण गुलबर्ग्याच्या इंग्रजी शाळेत. सुट्टीत चिटगुप्प्याला आले की माझी मराठी पुस्तकी वाटून पोरी हसतील या भीतीनं मी बोलायचंच टाळी. घरात अक्का एकटी. त्या घराला मातीचं माळवद होतं, आणि मी कॉलेजात असताना एका उन्हाळ्यात त्याची मधली तुळई वाकली. पावसाच्या आत माळवद उतरवून स्लॅब टाकणं भाग होतं. बाबांनी बांधकामाचा एक गुत्तेदार जवळपास ठरवलाही. इस्त्रीचा सदरा, हातात निळा नकाशा, बोलणं गोड. बाबा खूश. अक्कानं नकाशा उलटा धरून पाहिला आणि परत दिला. “शंकर, तू जाशील बदलीच्या गावाला. स्लॅबच्या खाली झोपणार मी. माणूस मी बघते.”

तिची बघायची रीत तिचीच होती. गुत्तेदारानं बांधलेलं घर हुडकायचं, झाकणाची पितळी वाटी घ्यायची आणि त्या घरी विरजण मागायला जायचं. “घरमालकाला इचारलं तर त्यो चांगलंच म्हणणार. पैका घातलाय ना त्यानं! सुनंला इचारायचं. तिला ठाऊक असतंय पाणी कुठं मुरतंय ते. आन् इरजण मागितलं की बाई थेट सैपाकघरात नेती.” सोबत मी. दार आलं की वाटी माझ्या हातात देऊन ती कोपरानं ढोसायची, “आता तू माग.” दार उघडून बाई समोर उभी राहायची, मी वाटीकडे बघत राहायची, आणि शेवटी अक्काच, समोर कुठल्याही वयाची बाई असो, “अक्का, थोडं इरजण मिळंल का?” म्हणायची. मग मला, “कामून लाजायलीस गं? राज्य मागायलीस का? दही तर मागायचं!”

नकाशावाल्यानं बांधलेल्या घरी आम्ही गेलो ते मला स्पष्ट आठवतं. सासूबाई घराचं कौतुक सांगत होत्या आणि सून खाली मान घालून दह्याचं भांडं उघडत होती. स्वयंपाकघराच्या एकाच भिंतीवर ओळीनं कॅलेंडरं टांगलेली. अक्का म्हणाली, “एवढ्या तारखा कोण बघतंय गं ह्या घरात?” आणि सहज एक कॅलेंडर उचललं. मागची भिंत ओलीचिंब, हात लावला तर पोपडा हातात. सुनेनं सासूकडे पाहिलं, सासूनं छताकडे. रस्त्यात अक्का इतकी हसली की विरजण सांडलं. बाबांना मात्र पटेना. “शेजाऱ्यांचं दही खाऊन कुणी घर बांधतं का, अक्का?” खरं तर दही बाबांसकट आम्ही सगळेच खात होतो, रोज वेगळ्या घराच्या विरजणाचं. कुठलं आंबट, कुठलं तारेचं. बाबा जेवताना विचारायचे, “आज कोणत्या गुत्तेदाराचं?”

बसप्पा गुत्तेदाराचं नाव बाजारात कळलं. त्यानं बांधलेलं म्हणून कुणीतरी दाखवलेल्या एका घराशी पोचायला आम्हाला उशीर झाला. दारात दिवा लागलेला. घरातल्या बाईनं वाटी पाहिली आणि कानांना हात लावला. “दिवा लागल्यावर इरजण देत न्हाई, अक्का. घर रिकामं जातंय. पण आलाव तर बसा, भाकर खाऊन जावा.” नाही म्हणायची सोय नव्हती. आम्ही चुलीपाशी बसलो. अक्कानं सवयीनं विचारलं, “घर कसं बांधलंय गुत्तेदारानं?”

“काय सांगू!” ती बाई भाकरी थापता थापताच सुरू झाली. “ती मोरी बघा. पाणी उलटं घरात येतंय. जगाच्या मोऱ्यांचा उतार बरोबर काढतोय, आन् माझ्याच मोरीला डोळे फुटले मेल्याचे. त्यात बडबड्या. काम सांगितलं की आधी गप्पा!”

“फोडून नीट करतो म्हणलं तर हीच फोडू देईना,” मागच्या दारातून आवाज आला. पाय धुऊन एक दणकट माणूस हसत आत आला.

“फोडशील, आन् परत कवा बांधशील? पुढच्या शिमग्याला?”

“चुकलंय खरं,” तो पाटावर बसत म्हणाला. मग वाटीकडे आणि अक्काकडे बघून मोठ्यानं हसला. “इरजणवाली अक्का ना तुम्ही? माझी समदी घरं बघून झाली का? हे माझं सोताचं हाय!”

आम्ही गुत्तेदाराच्याच घरी, त्याच्याच बायकोला, त्याच्याबद्दल विचारत होतो. मला जमिनीत शिरावंसं वाटलं. अक्कानं मात्र भाकरीचा तुकडा आमटीत बुडवला आणि म्हणाली, “झाली की. हेच ऱ्हायलं होतं.”

परतताना ती म्हणाली, “ह्यालाच देऊ.” मी कुजबुजले, “अक्का, मोरी उलटी आहे त्याची.”

“हाय ना. पण बायकोनं पावण्यासमोर त्याची चूक काढली, आन् तिला भ्याव वाटलं न्हाई. त्योबी चिडला न्हाई, चुकलंय म्हणाला. ज्याच्या घरात बाई बोलती, त्यो माणूस दुसऱ्याच्या घरात काय लपवणार? आपल्या मोरीपाशी मी उभी ऱ्हाते, मग तर झालं?”

आणि ती खरंच उभी राहिली. बसप्पा गप्पा मारी, अक्का ओरडे, तो हसे आणि काम होई. स्लॅबच्या दिवशी अक्कानं सगळ्या गड्यांना गव्हाची गोड हुग्गी वाढली. बसप्पाची बायकोही आली, आमची मोरी बघून नवऱ्याला म्हणाली, “बघ, येतंय की तुला!” त्या पावसाळ्यात अक्का पहिल्यांदा गळतीखाली भांडी न मांडता झोपली. मला पत्र आलं, त्यात एवढंच, की थेंब न्हाई, आणि तू तिकडं कुणाशी बोलतीस का न्हाई?

अक्का गेली, लिंगैक्य झाली, त्याला आता काही आठवडे झाले. बाबा निवृत्त होऊन कायमचे इथे आले आहेत आणि वर एक खोली बांधायची म्हणतात. बसप्पा भेटायला आला, बायकोचा हात धरून. “साहेब, डोळे गेले, मला आता ओळंब्याची दोरी दिसत न्हाई. भाचा करतोय काम. पण माझ्या तोंडाकडं बघून त्याला काम देऊ नका. त्यानं बांधलेलं घर हाय बसस्टँडामागं. अक्कासारखं बघून घ्या.” बाबा कोनाड्यातल्या पितळी वाटीकडे बघत राहिले. “ते आता कोण बघणार…” एवढंच म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी वाटी घासली. बसस्टँडामागचं घर सापडायला वेळ लागला नाही. दाराला नवा निळा रंग. कडी वाजवली आणि कोपरानं कुणी ढोसतंय का म्हणून उगीच थांबले. दार उघडलं. माझ्याच वयाची एक बाई, हाताला पीठ, डोळ्यांत प्रश्न. आतून फोडणीचा वास आला. मी वाटीचं झाकण काढलं, वाटी पुढे केली आणि म्हणाले, “अक्का, थोडं इरजण मिळंल का?”